रजईखालची टकटक

१

कंडक्टरांचा आवाज सोमवारी सकाळी हरवला.

तसा तो ऑपरेशनच्या टेबलावरच गेला होता. घशातली गाठ काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावं लागलं. पण त्याआधी कंडक्टरांनी आवाज-उपचार केंद्रातल्या एका छोट्या खोलीत माइकसमोर बसून ढीगभर वाक्यं वाचून ठेवली होती. ती वाक्यं कॉम्प्युटरात होती. त्यांवरून त्यांच्यासाठी बोलणारं यंत्र तयार व्हायचं होतं. कंडक्टरांनी अक्षरं दाबायची, की यंत्र त्यांच्याच आवाजात ती बोलणार. सोमवारी सकाळी तो कॉम्प्युटर सुरूच झाला नाही.

काका तेव्हा तिथेच होते. केंद्र त्यांच्या बायकोचं. ती जाऊन फार दिवस झाले नव्हते. तिची खुर्चीवरची उशी, कप आणि चष्म्याची जादा जोडी न्यायला ते आले होते. उशी काखेत धरून ते दारात उभे होते आणि आत धाकट्या मॅडम काळ्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या. या धाकट्या मॅडम म्हणजे बायकोच्या हाताखाली शिकलेली मुलगी. बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली, तेव्हा केंद्र एकटीने चालवायची वेळ तिच्यावर आली.

"बाहेरची डिस्क आहे ना?" काकांनी विचारलं. "ती म्हणायची, रोज संध्याकाळी आपोआप प्रत निघते."

"आहे." धाकटीने कपाटातून एक काळी डबी काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. "बघा. जुने सगळे रुग्ण आहेत यात. मग एका दिवशी प्रत निघायचीच थांबलीय. कंडक्टरांचं रेकॉर्डिंग त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालं."

"म्हणजे त्यांचं काहीच नाही?"

"एक वाक्य नाही." तिचे डोळे भरून आले. "काका, दुसऱ्या कुणाचं असतं तर म्हटलं असतं, चला, यंत्राचा तयार आवाज घ्या. पण त्यांच्या बाईंना दिसत नाही. ते लिहून दाखवणार कुणाला?"

काकांनी उशी खुर्चीवर परत ठेवली. आयुष्यभर त्यांनी विमा कंपनीसाठी जळालेली दुकानं आणि गोदामं तपासली होती. आग कुठे लागली, कशी लागली आणि खरं कोण बोलत नाही, एवढंच त्यांना येत होतं.

"मी जरा विचारपूस करू का?" ते म्हणाले.

"करा. पण कुणालाही विचारलंत तरी बोट माझ्याकडेच येणार. आल्यापासून कॉम्प्युटर माझ्याच हातात आहे."

२

कंडक्टरांच्या घरी आधी कुणीतरी सांगायला हवंच होतं. काका गेले.

दार कंडक्टरांनी उघडलं. गळ्याला मऊ फडकं, चेहरा उतरलेला, पण शर्टाची घडी सरळ. खुर्चीच्या हातावर त्यांनी सायकलची घंटी बसवून घेतली होती. एकदा वाजली की नाही, दोनदा वाजली की हो.

"बसमध्ये एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला," त्यांच्या बायकोने आतून सांगितलं. "तेच चालू ठेवलंय. नोकरीत असताना घरी कधी माझं ऐकलं नाही, आता दोन घंट्या देतात बिचारे." कंडक्टरांनी एकच घंटी वाजवली. "बघा. खोटं बोलतेय म्हणतात."

या कंडक्टरीणबाई. भिंतीला हात न लावता त्या चहा घेऊन आल्या आणि कप बरोबर काकांच्या हाताशी ठेवला.

काकांनी जमेल तेवढ्या हळुवारपणे सांगितलं. कॉम्प्युटर बंद पडला. बाहेरच्या डिस्कवरही काही नाही. रेकॉर्डिंग बहुतेक गेलं. कंडक्टर जमिनीकडे बघत राहिले.

"म्हणजे ते टकटकणारं यंत्र शेवटी गेलंच," कंडक्टरीणबाई म्हणाल्या.

"माफ करा, वहिनी. आमच्याकडून हलगर्जीपणा झाला."

"तुमच्या घरात आताच एवढं झालंय, भाऊ, तुम्ही कशाला माफी मागता? आणि मला काय, मी तर त्या केंद्राची पायरीसुद्धा चढलेली नाही. पायऱ्या फार आहेत म्हणतात हे. गल्लीच्या पुढे मी जातच नाही."

"तयार आवाजाचं यंत्र मिळू शकेल," काका म्हणाले. "तोवर."

"नको. परका पुरुष घरात बोलत फिरणार आणि मी त्याला 'जेवायला या' म्हणायचं? त्यापेक्षा घंटी बरी."

त्या हसल्या. कंडक्टर हसले नाहीत. निरोप देताना त्यांनी पाटीवर काहीतरी लिहून काकांसमोर धरलं. "मी वाचलं नसेल असं एक वाक्य नव्हतं. पुन्हा वाचता येणार नाही." काकांनी मान हलवली. बाई शेजारीच उभ्या होत्या, पण त्या पाटीवर काय लिहिलंय हे त्यांना कळलं नाही.

जिना उतरताना काकांना वाटत होतं, तिथे काहीतरी खटकलं. काय खटकलं ते मात्र हाती लागेना.

३

कॉम्प्युटरवाला दुपारी आला. तोंडाने भरभर बोलणारा, हाताने सावकाश काम करणारा माणूस.

"काका, आधीच सांगतो, माझी चूक नाही. मी पहारेकरी बसवून गेलो होतो."

"कसला पहारेकरी?"

"छोटा प्रोग्रॅम. डिस्कची तब्येत बघतो. ती बिघडायला लागली, की पडद्यावर लाल चौकोन येतो. 'डिस्क निकामी होण्याच्या मार्गावर आहे, ताबडतोब प्रत काढून घ्या.' नुसता चौकोन नाही, आतला स्पीकर टीं टीं करून डोकं खातो. मी स्वतः वाजवून दाखवला होता. एवढ्यावर कुणी ऐकत नसेल तर मी काय दारात उभा राहू?"

टेबलाखाली वाकून तो कॉम्प्युटर ओढायला लागला आणि थबकला.

"हे काय? याला ताप आला होता का?"

कॉम्प्युटरचा डबा एका जाड रजईत गुंडाळलेला होता. पुढचं बटण तेवढं मोकळं होतं. मागून, वरून, बाजूंनी रजई घट्ट लपेटून दोरीने बांधली होती.

"मी आले तेव्हापासून अशीच आहे," धाकटी म्हणाली. "वाटलं, मॅडमनी आवाज कमी करायला काही सोय केली असेल. इथे पंख्याचा आवाजसुद्धा रेकॉर्डिंगमध्ये येतो."

"सोय? गुदमरवून मारलंय याला." त्याने डबा उघडला आणि आतली एक बारीक वायर दोन बोटांत धरली. "हे बघा. स्पीकरची वायर. उपटलेली आहे. आणि नुसती उपटलेली नाही, टोकाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलीय. घाईत केलेलं काम नाही हे."

"डिस्क अशी एकदम जाते का?" काकांनी विचारलं.

"कधी एकदम जाते. ही नाही. ही सांगून गेली असणार. मरायला टेकलेली डिस्क टकटक करते. बारीक, नखाने काच वाजवावी तशी. कान देऊन ऐकलं तरच कळते. कुणी ऐकली नाही का?"

धाकटीने नकारार्थी मान हलवली. रजईच्या आत काय ऐकू येणार?

काका रजईची घडी घालत होते. निळं कापड, एका कोपऱ्याला चहाचा जुना डाग. त्यांनी घडी पूर्ण केली, डाग आत जाईल अशी.

ती रजई त्यांच्या घरातली होती.

४

केंद्राच्या दाराशी बसून नावं लिहून घेणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. केंद्र सुरू झालं त्या दिवसापासून त्या त्याच खुर्चीत होत्या.

"लाल चौकोन?" मावशी म्हणाल्या. "मला काय समजतंय त्यातलं? मी कधी काही पाहिलं नाही, साहेब."

"सकाळी कॉम्प्युटर सुरू कोण करायचं?"

"मीच."

"मग चौकोन पहिल्यांदा तुम्हालाच दिसणार."

"दिसला असेल. माझा चष्मा जुना आहे."

"मावशी," काका म्हणाले, "लोक धाकटीला दोष देणार आहेत. तिने चौकोन बंद केला म्हणणार. लहान मूल घरी ठेवून ती इथे येते. तुम्हाला चालेल का?"

मावशींनी पेन ठेवलं. जरा वेळाने डोळे पुसले.

"त्या पोरीचा काही संबंध नाही. चौकोन ती यायच्या आधीपासून यायचा. मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'आत्ता नको मावशी, कंडक्टरांच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला तर त्यांचं वाचून संपणार नाही. आधी ते संपू दे.' मग रोज सकाळी मी तो बंद करायची. ती टीं टीं रेकॉर्डिंगच्या मध्ये यायची, म्हणून वायर त्यांनीच काढली. बाहेरची डिस्कसुद्धा. ती घरघर करते म्हणायच्या. संध्याकाळी परत जोडू म्हणायच्या, पण संध्याकाळी त्यांच्यात बसायचं त्राण नसायचं, साहेब."

"आणि संपल्यावर?"

"संपलं त्या आठवड्यात त्या दवाखान्यात गेल्या. मी सवयीने चौकोन बंद करत राहिले, पुढचं कुणाला आठवणार?" मावशींनी नाक ओढलं. "गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करायचं, म्हणून बोलले नाही. तुमच्यासमोर तर अजिबात नाही."

काका उठून रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. त्यांनी ते काढून उलटं केलं. आत सेल नव्हता.

आता जुळत होतं. कुणीतरी बायकोला सांगितलं होतं, की रेकॉर्डिंगमध्ये टकटक येते. तिने आधी घड्याळाचा सेल काढला. टकटक थांबली नाही. बाहेरची डिस्क तर रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधीच काढलेली होती. तरी थांबली नाही. मग घरून रजई आणली.

पण ती टकटक तिची तिला ऐकू आलेली नव्हती. हे काकांएवढं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. औषधांनी तिच्या कानांचे बारीक आवाज कधीच नेले होते. दाराची घंटी तिला ऐकू येत नव्हती. फोन वाजला की ती काकांच्या चेहऱ्याकडे बघायची. आवाजावर उपचार करणारी बाई बहिरी होत चाललीय, हे बाहेर कळू द्यायचं नाही, असं तिने त्यांना बजावलं होतं, आणि त्यांनी ते कळू दिलं नव्हतं.

मावशी बाहेर दाराशी. धाकटी रजेवर. कंडक्टरांचे कान बसच्या इंजिनाशेजारी बसून बसून निम्मे गेलेले.

मग टकटक कुणी ऐकली?

काका बायकोच्या खुर्चीवर बसले. आणि जिन्यात जे हाती लागलं नव्हतं, ते आता लागलं.

५

"एक सांग," त्यांनी धाकटीला विचारलं. "रेकॉर्डिंग झालं, की ते चांगलं आहे हे कोण ठरवतं?"

"घरातलं माणूस. मॅडमचा नियमच होता. ज्याला तो आवाज रोज ऐकायचाय त्याने मान्य करायचा. आपण रुग्णाला चहा प्यायला बाहेर पाठवतो आणि बायकोला किंवा मुलाला हेडफोन देतो. रुग्ण समोर असला की लोक खरं बोलत नाहीत."

"कंडक्टरांचा कुणी मान्य केला?"

"कुणी नाही. त्यांच्या बाई इथे येतच नाहीत."

"येत नाहीत. मग त्यांना इथलं यंत्र टकटकतं हे कसं माहीत?"

धाकटीने लॅपटॉप मिटला.

"मी त्यांना एवढंच सांगितलं, की कॉम्प्युटर बंद पडला. टकटक हा शब्द तोपर्यंत मीसुद्धा ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, ते टकटकणारं यंत्र शेवटी गेलंच. इथे न येता इथली टकटक ऐकायची तर एकच रस्ता आहे. रेकॉर्डिंग त्यांच्याकडे गेलं पाहिजे. मान्य करायला. आणि नेणारी बाई एकच. त्या दिवसांत ती उशिरा घरी यायची. 'जरा चालून आले' म्हणायची. चार पावलं चालली तर तिला धाप लागायची. मी विचारलं नाही."

"पण काका, त्यांच्याकडे प्रत आहे तर त्या बोलल्या का नाहीत? त्यांचाच नवरा आहे."

"ते त्यांनाच विचारायला हवं," काका म्हणाले. "कंडक्टर घरी नसताना."

कंडक्टर जखम दाखवायला डॉक्टरांकडे जायचे, त्या वेळी काका गेले. कंडक्टरीणबाईंनी पावलांवरूनच ओळखलं.

"आज एकटेच, भाऊ? कप आणते."

"चहा नको, वहिनी. ती टकटक तुम्हीच ऐकलीत ना?"

त्या उभ्या होत्या तिथेच थांबल्या. मग खुर्ची चाचपली. या घरात त्यांना काही चाचपताना काका पहिल्यांदाच बघत होते.

"माझ्या तोंडून गेलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"गेलं."

"मॅडम यायच्या. हे तपासणीला गेले की. बोलल्या होत्या, हे आपल्या दोघींत. मी म्हटलं, आवाज यांचाच आहे, पण मागे कुणीतरी नखाने टकटक करतंय. दर वेळी तेच. त्या बिचाऱ्या दर वेळी म्हणायच्या, बघते, थांबवते."

"ते रेकॉर्डिंग कुठे आहे?"

"माझ्याकडे आहे." त्या उठल्या नाहीत. "छोटा प्लेअर आहे. सगळं आहे त्यात, शेवटच्या वाक्यापर्यंत. पण मी देणार नाही."

"का?"

"तुमच्या मॅडम दमलेल्या होत्या. नुसती वाक्यं कापून आणायला त्यांना वेळ नव्हता. जसं होतं तसं आणलं. मधलं बोलणंसुद्धा त्यात राहिलं." त्यांनी पदर बोटाला गुंडाळला. "एका ठिकाणी हे म्हणतात, मला ऑपरेशन करायचंच नाही. मी मुका झालो तर ती घरात एकटी पडेल, त्यापेक्षा आवाज आहे तोवर जगतो आणि जातो. हिला सांगू नका म्हणतात. मग मॅडम त्यांना समजावतात. बराच वेळ. हे रडतात, भाऊ. संसारात मी यांना रडताना ऐकलं नाही. मला कळू नये म्हणून बाहेर जाऊन रडले, आणि मी स्वयंपाकघरात बसून ते ऐकलं. आता तुम्हाला दिलं की चार लोक ऐकणार, आणि फिरून यांना कळणार. त्यांनी जे लपवलं ते मी उघडं पाडू?"

काका खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मधलं बोलणं आम्ही कापून टाकू," ते म्हणाले. "धाकटी एकटी बसून कापेल. तुमच्याशिवाय आणि तिच्याशिवाय कुणी ऐकणार नाही. मीसुद्धा नाही."

"शब्द?"

"शब्द."

त्या आत गेल्या आणि प्लेअर घेऊन आल्या. काकांच्या हातात देण्याआधी त्यांनी बटण दाबलं.

"हे मात्र तुम्ही ऐका. यात लपवायचं काही नाही."

बायकोचा आवाज आला. दमलेला, पण तिचाच. "छत्री खुर्चीवर वाळत घातली आहे. म्हणा." मग कंडक्टरांचा जाडाभरडा आवाज, तेच वाक्य. मग पुन्हा ती. "रेकॉर्डिंगमध्ये म्हणे अजून टकटक ऐकू येते. मला काही येत नाही हो. पण आपलं ऐकणारं माणूस म्हणतं तर असणारच. थांबा, उद्या घरून एक रजई आणते." त्या दोघांच्या मागे, नखाने काच वाजवावी तशी, डिस्क मोडत चालली होती.

काकांनी ते वाक्य संपेपर्यंत ऐकलं. मग प्लेअर बंद करून खिशात ठेवला आणि खिशावर हात ठेवून घरी न जाता सरळ केंद्रात गेले.

६

त्या दिवशी पहिलं काम झालं ते काही न ऐकता प्रती काढण्याचं. एक धाकटीच्या लॅपटॉपवर, एक नव्या बाहेरच्या डिस्कवर, आणि एक तिसरी मावशींच्या घरी, कारण कॉम्प्युटरवाला म्हणाला, की सगळ्या प्रती एका छपराखाली ठेवणं म्हणजे एकच प्रत ठेवणं. प्लेअर तसाच कंडक्टरीणबाईंना परत गेला. धाकटीला काकांनी सगळं सांगितलं. चौकोन कुणी बंद करायला सांगितला, वायर कुणी काढली, रजई कुणी आणली. एकही गोष्ट वगळली नाही.

"मॅडमनी माझ्यासाठी निदान चिठ्ठी तरी ठेवायची," धाकटी म्हणाली. रागावून नाही.

"तिला वाटलं असेल, परत येईन आणि सांगेन."

धाकटीने दार लावून मधलं बोलणं कापलं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि काकांनी काही विचारलं नाही. यंत्र तयार झालं. कंडक्टरांना एवढंच सांगितलं, की वाक्यांची एक प्रत सापडली. नियमाप्रमाणे ते मान्य करून घ्यायला ती आणि काका कंडक्टरांच्या घरी गेले. कंडक्टर स्वतःहून गल्लीच्या टोकापर्यंत फिरायला गेले, कारण नियम त्यांनाही माहीत होता. जाताना त्यांनी दोनदा घंटी वाजवली.

धाकटीने बटण दाबलं. यंत्र म्हणालं, "मी आलो. दार उघड. पाणी दे."

कंडक्टरीणबाईंनी मान कलती करून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं.

"टकटक गेली," त्या म्हणाल्या. "आवाज त्यांचाच आहे. पण हा माइकसमोर बसलेला माणूस आहे. साहेबांसमोर उभे राहिल्यासारखे बोलतात. माझ्याशी हे असे बोलत नाहीत."

धाकटीने यंत्र बंद केलं.

"यंत्राला जेवढं दिलं तेवढंच ते शिकतं," ती म्हणाली. "वाचलेली वाक्यं दिली, ते वाचल्यासारखं बोलतं. घरातल्यासारखं ते ज्यात बोललेत, ते रेकॉर्डिंग आपल्याकडे आहे. पण आपण कापलंय तेच."

"ते रडलेत तेच?"

"आधी रडलेत. नंतर बराच वेळ मॅडमशी तुमच्याबद्दल बोललेत. हसलेतसुद्धा. तुम्ही भांडताना भांडी कशी आपटता त्याची नक्कल केलीय. ते वापरलं तर यंत्र त्यांच्यासारखं बोलेल. पण ते बोलणं त्यांचं आहे. त्यांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"आणि विचारायचं म्हणजे मी ऐकलंय हे सांगायचं."

"हो."

कंडक्टरीणबाईंनी यंत्र हातात घेतलं, कडेने बोटं फिरवली आणि मांडीवर ठेवलं.

"मी सांगेन," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं मध्ये पडू नका. मी माझ्या वेळेने सांगेन."

त्याला आता महिना होत आला. काका मधूनमधून जातात. यंत्र अजून मान्य झालेलं नाही, फडताळावर आहे, त्यावर धूळ नसते. बाई चहा आणून देतात, कंडक्टर घंटी वाजवतात, भांडण झालं तर एकच. प्रती तीन जागी नीट आहेत आणि दर शनिवारी कॉम्प्युटरवाला त्या उघडतात का ते, न ऐकता, बघून जातो. नव्या कॉम्प्युटरचा स्पीकर जोडलेला आहे. रजई काकांनी धुऊन कपाटात ठेवली.

कंडक्टरांना विचारायचं अजून राहिलं आहे.